न बघता म्हटलेलं ‘बघितलं’

सोमवार, ४

आणि म्हणे रविवारची प्रार्थना चुकवू नकोस! किती वेळा सांगितलं आईला, की कार्यालयं रविवारी बंद असतात म्हणूनच काचा रविवारी धुतात. साहेब लोक आत जेवायला बसलेले आणि बाहेर आम्ही लटकलेले, असं झालं तर त्यांना घास उतरत नाही. मला सुट्टी नकोय असं नाही. मुकादम देत नाही. पण तिचं आपलं एकच, “देवाला एक दिवस देता येत नाही का रे तुला?” मी म्हटलं, मागून मिळत असता तर तुलाच पाठवला असता. तर म्हणाली, “हातात पैसा आला की देव लांब जातो.” मी फोन ठेवून दिला. आईचा फोन आजवर कधी असा ठेवला नव्हता.

ही वही शिंप्याने दिली. मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. वरच्या खोलीत आमची रविवारची प्रार्थना होते, अकरा माणसं, शिलाईयंत्र भिंतीला सरकवून. पाच महिन्यांत मी दोनदा गेलोय. वहीत पुढून लोकांची मापं आहेत, छाती, खांदा, बाही. शिंपी म्हणाला, “तू मागून लिही. रोज चार ओळी. देवाशी भांडायचं असेल तर तेही लिही. सातवीपर्यंत शिकलास ते पुसून जाईल नाहीतर.” चार ओळी कधीच झाल्या.

खोलीत आम्ही टोळीतले सहा जण. सगळे मला पाद्री म्हणतात, कारण गच्चीच्या काठावरून दोराने खाली उतरण्याआधी मी डोळे मिटून दोन शब्द बोलतो. आबा माझे जोडीदार, टोळीत सगळ्यात वयाने मोठे. जमिनीवर चालतात तेव्हा गुडघे कुरकुरतात, दोरावर गेले की पाण्यातला मासा. रोज विचारतात, “काय पाद्रीबुवा, उचलला का फोन वरच्याने?”

मी म्हणतो, “तुमच्यासाठीपण बोललो.”

“माझं नाव नको रे घेऊस. लपून बसलोय तेवढं बरं आहे.”

बुधवार, ६

आज मजा. मुकादमने दोर धुवायच्या शेडमध्ये बसवलं. जुन्या दोरांच्या टोकाला पिवळ्या पट्ट्या असतात, त्या काढून हिरव्या चिकटवायच्या होत्या. म्हणाला, तुझे हात स्वच्छ, काम नीट करतोस. बत्तीस दोर झाले. दिवसभर सावली, दोन वेळा चहा. एका जागी बसून पाय वळवळायला लागले तेवढंच.

शुक्रवार, ८

नवीन इमारत, आत अजून कुणी नाही. एकतीस मजले, सगळी काच. अशी काच मी बघितली नव्हती.

कसं लिहू. सकाळी काठावर उभे राहिलो तेव्हा खाली धुकं होतं. रस्ता नाही, गाड्या नाहीत. आबांनी माझा पट्टा बघितला, मी त्यांचा. ही आमच्या कामाची रीत आहे. आपली गाठ आपण बांधायची, पण ती बरोबर आहे असं आपण म्हणायचं नाही. ते जोडीदाराने म्हणायचं. छातीचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, कामाच्या दोराची गाठ, राखीव दोराची गाठ, आणि काठावर दोर घासू नये म्हणून ठेवतात ती रबराची गादी. सगळं हाताने चाचपायचं, मग जोडीदाराच्या खांद्यावर थाप मारून मोठ्याने ओरडायचं, “बघितलं!” तो शब्द कानावर पडल्याशिवाय काठाबाहेर पाय टाकायचा नाही. पहिल्या दिवशी आबांनी मला एवढंच शिकवलं. बाकी म्हणाले येईल आपोआप.

मग मागे झुकायचं. दोर ताणला जातो, अंग त्याच्यावर पडतं, आणि एकदम सगळं शांत.

विसाव्या मजल्यावर धुकं फाटलं. समोरच्या काचेत ढग होते, मागेही ढग, आणि मधे मी, हातात फडकं. काचेवरून पाणी ओढलं तसे ढग स्वच्छ झाले. मला काय झालं कळेना. मी काही मागितलं नाही, नुसतं म्हटलं, तू केवढा आहेस. इतकंच. आईने पाठ करून घेतलेली एकही प्रार्थना त्या वेळी आठवली नाही.

आबा शेजारच्या दोरावरून म्हणाले, “रडतोस काय लेका?”

“साबण गेला डोळ्यात.”

“मलापण जातो,” म्हणाले. “पहिली दहा वर्षं रोज जायचा.”

रविवार, १०

आबा पडले. जिवंत आहेत. उद्या लिहितो.

सोमवार, ११

कामाचा दोर तुटला. बाविसाव्या मजल्यावर. राखीव दोराने धरलं, पण दोन मजले खाली गेल्यावर धरलं, आणि झोक्यासारखे जाऊन ते भिंतीच्या कडेवर आदळले. कंबर आणि उजवा पाय. आवाज मी ऐकला. तो लिहिणार नाही.

मी त्यांच्यापर्यंत गेलो, माझ्या पट्ट्याला त्यांना अडकवलं आणि दोघं एका दोरावर खाली आलो. बावीस मिनिटं लागली असं खालचे म्हणतात. मला वाटलं आयुष्य गेलं. सगळा वेळ आबा माझ्या कानात बोलत होते. “हळू. घाई नको. हा हात इकडे. शाबास.” पाय कुणाचा मोडला होता तेच कळेना.

काम बंद आहे. सगळे म्हणतात पाद्री, तू त्यांचा जीव वाचवलास. मुकादमने सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

मंगळवार, १२

काल लिहिलं ते खोटं नाही. पण पूर्ण नाही.

रविवारी सकाळी आईचा फोन आला होता. परत तेच. मी म्हटलं, तुझा देव तुझ्यापाशी ठेव, मला काम करू दे. असं म्हणालो मी. आणि तसाच धुमसत वर गेलो. आबा पट्टे बांधून समोर उभे राहिले आणि म्हणाले, “आज वरच्याशी बोलला नाहीस? कट्टी?” माझं डोकं सटकलं. त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि ओरडलो, “बघितलं!”

बघितलं नव्हतं. गादी काठावर नव्हती. पिशवीतच होती. नंतर वर गेलो तेव्हा मी ती पिशवीत बघितली, घडी केलेली.

आबांना शब्द ऐकू आला, त्यांनी पाय बाहेर टाकला. माझ्या शब्दावर टाकला.

हे कुणाला माहीत नाही. मला आणि आता या वहीला.

गुरुवार, १४

मुकादमने कचेरीत बोलावलं. दार लावलं. पाणी दिलं, थंड. त्याने मला आजवर पाणी विचारलं नव्हतं.

म्हणाला, सोमवारी चौकशीसाठी सरकारी बाई येणार आहेत. आबा पीत होते हे सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, “कामाच्या दिवशी नाही. तीन वर्षं झाली, कामाच्या आदल्या दिवसापासून थेंब नाही. तेच सांगतात.”

“ते सांगतात ना? तू कुठे बघायला होतास?” मग आवाज खाली आणला. “हे बघ. गाठ तपासताना तू त्यांच्या तोंडासमोर होतास. तोंडाला वास येत होता, एवढंच म्हणायचं. चार शब्द. बाकीच्यांनी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, एकजात बेरकी. पण तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे.”

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. पाच महिने ज्याच्यावरून माझी टिंगल केली, तेच आता याला हवंय.

मी विचारलं, “आबांच्या औषधपाण्याचं काय?”

“प्यायलेल्याला कंपनी काही देत नाही. आम्ही आपसात वर्गणी काढू की. माणुसकी आहे.”

मग म्हणाला, “आणि तुझा रविवार. या महिन्यापासून दर रविवारी सुट्टी. पगार न कापता. जा तुझ्या प्रार्थनेला, कोण अडवतं?”

जे पाच महिने रडून मागितलं ते टेबलावर ठेवलं होतं. मी हो म्हणालो नाही. पण मान हलवली. हलवली मी मान.

बाहेर आलो आणि आईला फोन केला. म्हटलं, आता दर रविवारी सुट्टी मिळणार. ती इतकी खूश झाली की रडायलाच लागली. “मी मागितलं होतं रे त्याच्याकडे,” म्हणाली. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

शुक्रवार, १५

इस्पितळात गेलो. आबांचा पाय वर टांगलाय, वजनं लावून. आम्हाला टांगतात तसाच. तेच म्हणाले, “बघ, इथेपण दोर सोडत नाही. पण गाठ डॉक्टरने बांधलीय, तपासायला कुणी नाही.”

मी पायाशी उभा होतो. सांगायला गेलो होतो, की आबा, मी बघितलं नव्हतं. तोंड उघडलं तर ते म्हणाले, “बस. चौकशीवाली बाई काल येऊन गेली माझ्याकडे.”

“काय विचारलं?”

“जोडीदाराने तपासलं का. म्हटलं, हो. पोरगं अगदी चोख. हात लावून बघितलं, ओरडला, मग उतरलो. गादी नंतर मीच काढून ठेवली असेल, म्हातारा झालो, डोकं चालत नाही.”

खाटेची दांडी धरली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अरे, सत्तावीस वर्षं माणसं माझे पट्टे चाचपतायत. हात लागला की नाही हे मला कळणार नाही?”

“मग उतरलात कशाला?”

त्यांनी टांगलेल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, “तू नाराज होतास. म्हटलं, परत तपास म्हणून सांगितलं तर अजून चिडशील. चूक माझीपण आहे. आणि माझा पाय गेलाच आहे. तुझी भाकरी कशाला घालवू? गप्प बस आणि घरी पैसे पाठव.”

हा माणूस देवाला मानत नाही. चेष्टा करतो. आणि त्याने माझी चूक उचलून आपल्या नावावर लिहून दिली, मी मागितलंही नव्हतं. ही गोष्ट मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. गाण्यात म्हटली, परीक्षेत लिहिली, भिंतीवर क्रुसावर टांगलेली बघितली. माझ्याऐवजी दुसरा कुणीतरी. मला ती रोजच्या चपलेसारखी झाली होती. आज ती खाटेवर झोपलेली दिसली, पायाला वजनं लावून, दाढी वाढलेली. मी जिन्यात बसलो. गुडघे आपोआप टेकले, लोक ओलांडून जात होते.

आणि वास येत होता असं म्हणायला मी मान हलवून आलोय.

शनिवार, १६

शिंप्याकडे गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, तो पुस्तक उघडून बोट ठेवेल की हे कर. तो काजं करत राहिला.

“भीती कशाची वाटते?” म्हणाला.

मी बोटं मोजली. नोकरी. घरचे पैसे. खोलीतले पाच जण, कारण काम कायमचं बंद पडलं तर त्यांचीही नोकरी जाणार. आई. बाईंनी मलाच आत टाकलं तर. आणि आबा, त्यांनी झाकलेलं मी उघडं करणार.

“देवाची?”

मी विचार केला. म्हटलं, “नाही. हीच गंमत आहे. त्याची वाटत नाही. कालपासून त्याच्याकडे बघवत नाही एवढंच. ऊन डोळ्यांवर आल्यावर होतं तसं.”

शिंप्याने सुई थांबवली. मग म्हणाला, “मी तुला सांगू शकत नाही. मला नोकरी नाही, माझं दुकान आहे, माझं काय जाणार? पण सोमवारी दुकान बंद ठेवून कचेरीबाहेर बसेन. तू बाहेर येशील तेव्हा कुणीतरी असू दे.”

निघताना आठवलं, की मी दोर धुवायच्या शेडमध्ये बसलो होतो. बत्तीस दोर. पिवळ्याच्या हिरव्या. परत आत गेलो आणि विचारलं, “तुमच्याकडे जुन्या कापडावर नवी चिठ्ठी लावली तर?” तो म्हणाला, “तर गिऱ्हाईक फसतं.” हिरवी पट्टी म्हणजे या वर्षीचा दोर. मीच त्यांना या वर्षीचं केलं, चहा पीत पीत.

रविवार, १७

काम बंद, म्हणून सुट्टी. प्रार्थनेला गेलो. जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत. वर गाणं चालू होतं. पायरी चढवेना. उभ्या उभ्या सगळं ऐकलं आणि परत आलो.

सोमवार, १८

झालं. जसं झालं तसं लिहितो.

छोटी खोली, एक टेबल, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांवर कुलूप ठेवलेलं. चौकशीच्या बाई चष्मा लावून. मुकादम कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला. शिंपी बाहेरच्या बाकावर, मांडीवर कुणाची तरी अर्धवट शिवलेली पँट.

बाईंनी विचारलं, “त्या सकाळी तुमच्या जोडीदाराच्या तोंडाला वास येत होता?”

मुकादम खोकला.

मी म्हटलं, “नाही.”

“नक्की?”

“चहाचा येत होता. आलं घातलेला.”

बाईंनी लिहिलं. मुकादमकडे बघितलं नाही. मला वाटलं संपलं, आता उठावं. नोकरी गेली तेवढं पुरे, बाकी कशाला? आबांनी झाकलंय, झाकलेलं राहू दे. उठलोही होतो अर्धा.

आणि मग काय झालं ते मला सांगता येणार नाही. काठावरून मागे झुकताना होतं ना, तसं. दोर धरणार की नाही हे झुकल्याशिवाय कळतच नाही. पायाखाली काही नसतं. मी परत बसलो आणि बोलायला लागलो. आवाज माझाच होता, पण मी तो लांबून ऐकत होतो.

म्हटलं, “दोर जुने होते. बत्तीसही. त्यांच्या पिवळ्या पट्ट्या काढून हिरव्या मी लावल्या. मला सांगितलं होतं, मी विचारलं नाही. आणि मी आबांना तपासलं नाही. न तपासता ‘बघितलं’ म्हणून ओरडलो. गादी पिशवीत होती.”

बाईंचं पेन थांबलं. “पण त्यांनी तर जबाब दिलाय, की तुम्ही तपासलंत.”

“ते माझ्यासाठी खोटं बोलले.”

“तुम्हाला कळतंय का, तुम्ही स्वतःविरुद्ध बोलताय? तुम्ही बोलला नसतात तर हे कुणाला कळलं नसतं.”

“हो बाई.”

“मग का बोलताय?”

इतकी वर्षं शिकवलेलं, पाठ केलेलं, एकही शब्द जागेवर नाही. मी म्हटलं, “मी ख्रिस्ती आहे.” आणि लाज वाटली, कारण हे सांगण्यासारखं मी काहीच केलेलं नव्हतं. न बघता ओरडणारापण मीच ना.

बाईंनी चष्मा काढला आणि पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, “सही करता येते?” मी केली. अक्षर बरं आलं.

बाहेर शिंप्याने काही विचारलं नाही. म्हणाला, “चल, तोंड धू.” नळाखाली तोंड धुताना माझे दात वाजत होते, आणि आत कुठेतरी, खरं सांगतो, विसाव्या मजल्यावरचे ते ढग होते. तेवढंच शांत. तेवढंच मोठं. मी घाबरलेला होतो आणि तो तिथे होता. दोन्ही एकदम असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार, १९

आबा भडकले. नर्स धावत आली इतके ओरडले. “मी इतकं झाकलं आणि तू चव्हाट्यावर मांडलंस! मूर्ख! गाढवा! दोर जुने होते एवढंच सांगून गप्प बसता येत नव्हतं? अर्धं खरं पुरलं असतं!”

मी मान खाली घालून उभा.

मग दमले. म्हणाले, “त्या वरच्याने सांगितलं का तुला तसं?”

“नाही. तो काहीच बोलला नाही.”

“मग?”

“तुम्ही केलंत ना माझ्यासाठी. त्याने तेच केलं होतं असं मी लहानपणापासून ऐकत आलो, आबा. पण खरं वाटायचं नाही. माणूस असं करतो हे बघितलंच नव्हतं.”

आबांनी तोंड भिंतीकडे केलं. अजून रागात असणार. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “नर्सला बोलव, उशी सरकलीय.”

उशी सरळच होती. पण बोलावलं.

शनिवार, २३

खोलीतले बोलत नाहीत. काम अजून बंद, दोर सगळे जप्त. मी आत गेलो की गप्पा थांबतात. काल माझी बादली कुणीतरी बाहेर ठेवली. मुकादमला काढून टाकलं, जाताना दारात उभा राहून म्हणाला, “देवमाणसा, पाच घरं उपाशी ठेवलीस.” त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरंच नाही. ज्याने बोलायला लावलं त्याने याचंही उत्तर द्यायला हवं होतं. मी रोज विचारतो.

संध्याकाळी एकजण, खोलीतला सगळ्यात तोंडाळ, जिन्यात गाठून म्हणाला, “ए पाद्री, बायकोचे दिवस भरत आलेत. तुझ्या त्याच्याशी बोलताना तिचं नाव घे.” मी म्हटलं, कर चेष्टा. तो म्हणाला, “बरं.” आणि नाव सांगून गेला. चेष्टेतही किती बारीक लक्ष, दोनदा सांगितलं, नीट लक्षात ठेव म्हणाला.

बुधवार, ३

निकाल लागला. आबांचा इस्पितळाचा खर्च कंपनी देणार, आणि चालायला लागेपर्यंत पगार. पाय थोडा आखूड राहील. नवे दोर आले, टोळी सोमवारपासून परत वर आहे. मला एक वर्ष दोरावर बंदी. चौकशीच्या बाई म्हणाल्या, शिक्षा कमी लिहिलीय मी. मी म्हटलं, हो, कमीच आहे.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागलोय. चादरी. तळघर, वाफ, खिडकी नाही. पहिल्या दिवशी वाटलं पळून जावं, माझ्या पायांना एका जागी राहायची सवय नाही. पण यंत्रातून गरम चादर बाहेर येते, दोघांनी चार टोकं धरून झटकायची, ती फुगते, आणि घडीभर सगळं पांढरं होऊन जातं. चादरीचं पलीकडचं टोक धरणाऱ्या बाई म्हणतात, नवीन पोरगं चादर झटकताना तोंड उघडून बघत राहतं, खुळं आहे का? असेन.

आज पगार झाला. दहा दिवसांचा. त्यातून खोलीचं भाडं गेलं. तोंडाळाने पैसे पुढे केले, म्हणाला, “नेहमीइतके करून पाठव, आईला कशाला ताप? मुलगी झालीय मला, आज नाही म्हणायचं नाही.” मी घेतले, मोजले, आणि परत त्याच्या खिशात घातले. मुलीचं तोंड गोड कर म्हटलं.

मग आईला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. फोनवर तिला काय म्हणालो होतो आणि तसाच वर जाऊन काय केलं तेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या आबांना कोण आहे रे तिकडे?”

“मी आहे,” म्हटलं.

“मग ठीक आहे.” मग म्हणाली, “पैसे कमी येतील ना?”

“हो आई.”

“किती येतील?”

काही न वाढवता सांगितलं. सातशे साठ.